ग्रीनडेलचा ब्रॉड स्ट्रीट : आखून वसवलेल्या गावातील पेठेची पहिली वर्षे

पायवाट

नमस्कार. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराच्या नैर्ऋत्येला ग्रीनडेल नावाचे एक गाव आहे. माझे घर तिथून जवळच असल्याने गेली अनेक वर्षे मी त्या गावात जात-येत असते. हे गाव आधी कागदावर आखले गेले आणि मग एकाच हुकुमाने उभे राहिले. त्याच्या मधोमध दुकानांचा एक लहानसा रस्ता आहे, त्याचे नाव ब्रॉड स्ट्रीट. या रस्त्याच्या आरंभीच्या दिवसांविषयी मला जे वाचनातून व पाहण्यातून समजले ते येथे मांडते.

काही वर्षांपूर्वी माझी आई सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. एका शनिवारी सकाळी तिला ब्रॉड स्ट्रीटवर घेऊन गेले. रस्त्याच्या एका टोकाला उभी राहून तिने समोर पाहिले आणि म्हणाली, "ही तर चावडी, आणि ही तिच्यासमोरची पेठ." मी त्या रस्त्याविषयी पुष्कळ वाचले होते, पण इतक्या थोड्या शब्दांत त्याची रचना मला कोणी सांगितली नव्हती. रस्त्याच्या शेवटी व्हिलेज हॉल, म्हणजे गावाच्या कारभाराची इमारत, आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुकाने, एवढीच ती रचना आहे. वाणसामान आणायला निघालेल्या माणसाच्या नजरेसमोर गावाचा कारभार सतत असावा, हे आखणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवले होते.

आता थोडे मागे जाते. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार होते आणि शहरांत कामगारांना परवडतील अशा घरांची मोठी टंचाई होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन हे खाते निर्माण केले आणि अर्थशास्त्रज्ञ रेक्सफर्ड टगवेल यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. शहराबाहेरची स्वस्त जमीन सलग विकत घ्यायची, तिच्यावर बेकारांच्या हातून नवे गाव बांधून घ्यायचे, गावाभोवती शेतांचा व झाडीचा पट्टा कायम ठेवायचा आणि घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने द्यायची, अशी टगवेल यांची कल्पना होती. अशी पुष्कळ गावे व्हावीत ही त्यांची इच्छा होती, परंतु प्रत्यक्षात तीनच झाली : वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमधील ग्रीनबेल्ट, ओहायोतील सिनसिनाटीजवळचे ग्रीनहिल्स आणि हे ग्रीनडेल. न्यू जर्सीतील चौथे गाव, ग्रीनब्रूक, १९३६ मध्ये न्यायालयीन निकालामुळे कागदावरच राहिले.

मिलवॉकीची निवड होण्यामागे स्थानिक परिस्थितीही कारणीभूत असावी असे मला वाटते. १९१६ ते १९४० या काळात तेथे डॅनियल होन हे समाजवादी महापौर होते आणि १९२१ ते १९२३ या वर्षांत गार्डन होम्स नावाची शंभरावर घरांची सहकारी वसाहत नगरपालिकेच्या पुढाकाराने उभी राहिली होती. सामुदायिक मालकीची कल्पना तेथील माणसाला नवी नव्हती.

ग्रीनडेलसाठी शेतकऱ्यांकडून सुमारे ३,४०० एकर जमीन घेतली गेली. तिच्यापैकी लहानसा भाग वस्तीसाठी ठेवून उरलेल्या बऱ्याच जमिनीवर शेती आणि दुभती जनावरे तशीच राहिली. आराखड्याची जबाबदारी जेकब क्रेन व एल्बर्ट पीट्स यांच्याकडे होती, तर घरांची रचना वास्तुरचनाकार हॅरी बेंटली व वॉल्टर थॉमस यांची. ३६६ इमारतींत मिळून ५७२ घरे बांधली गेली. १९३८ च्या एप्रिलअखेरीस पहिली कुटुंबे राहायला आली आणि त्याच वर्षी गावाला विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार व्हिलेजचा दर्जा मिळाला.

येथे दुकानांच्या दृष्टीने एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. साध्या गावात आधी चारचौघे राहायला येतात, मग त्यांच्यातलाच एखादा पुढच्या खोलीत दुकान थाटतो, ते चालले तर शेजारी दुसरे उघडते, आणि पन्नास-शंभर वर्षांत पेठ तयार होते. ग्रीनडेलमध्ये मीठ, पाव, केरोसीन आणि केस कापण्याची सोय ही सगळी पहिल्या कुटुंबाच्या पाठोपाठच हवी होती, कारण जवळ दुसरे काही नव्हते. किती दुकाने हवीत, कोणती हवीत, कोणी चालवावीत आणि त्यांचे भाडे काय असावे, हे सगळे एका सरकारी खात्याला गिऱ्हाईक येण्याच्या आधीच ठरवायचे होते. म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या आरंभीच्या इतिहासाला मी दोन भागांत पाहते. एक भाग रस्त्याच्या आकाराचा आणि दुसरा दुकानदारीच्या व्यवस्थेचा. आकार आजपर्यंत टिकला आहे, व्यवस्था मात्र एका पिढीतच बदलली. हा फरक का पडला, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

वाणसामान

पायवाटताई, धागा फार आवडला. आमचे सांगलीला तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे, त्यामुळे माझे लक्ष लगेच हिशेबाकडे गेले.

५७२ घरे म्हणजे साधारण अडीच हजार माणसे धरू. एवढ्या वस्तीवर एक चांगले किराणा दुकान नक्की चालते, दोन चालली तर दोघांची ओढाताण होते. औषधांचे दुकान एक, न्हावी एक, चांभार एक. कापडाचे दुकान मात्र चालत नाही, कारण कापड घ्यायला माणूस मोठ्या पेठेलाच जातो आणि मिलवॉकी हाकेच्या अंतरावर होते. म्हणजे बहुतेक प्रत्येक धंद्याला एकच गाळा. आता ज्या पेठेत प्रत्येक मालाचे एकच दुकान असते, तेथे गिऱ्हाइकाच्या मनात कायम एक शंका असते की आपल्याला जास्त भाव लावला जात आहे. दुकानदार कितीही सचोटीचा असला तरी ती शंका जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. सरकारने या प्रश्नावर काय तोड काढली होती?

दुसरी गोष्ट. पेशवाईत पुण्याला नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना हक्क देऊन व्यापाऱ्यांना काही वर्षे करमाफीचा कौल देत असत. व्यापाऱ्याला ओसाड जागी आणायचे तर आरंभीची झळ कोणीतरी सोसावी लागते. ग्रीनडेलमध्ये ती कोणी सोसली?

पायवाट

वाणसामान, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : सहकार. दुकाने व्यक्तींना न देता रहिवाशांच्या सहकारी संस्थेला द्यायची, म्हणजे विकणारा आणि घेणारा एकच होईल आणि एकाधिकाराची भीती राहणार नाही, असा तो विचार होता. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावातील विणकरांनी जी तत्त्वे घालून दिली, त्यांवर ही संस्था आधारलेली होती : सभासदत्व सर्वांना खुले, भाग कितीही असले तरी मत एकच, आणि वर्षाअखेरचा नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. ग्रीनडेलच्या संस्थेला मध्य-पश्चिमेकडील मिडलँड या सहकारी घाऊक संस्थेचा आधार होता. ब्रॉड स्ट्रीटवरील किराणा दुकान व पेट्रोल पंप यांसारखे गावाचे रोजचे व्यवहार या सहकारी छत्राखाली सुरू झाले.

ग्रीनबेल्टमध्ये हीच व्यवस्था वेगळ्या मार्गाने आली. तेथे भांडवल पुरवले ते बोस्टनच्या मोठ्या दुकानाचे मालक एडवर्ड फायलीन यांनी स्थापन केलेल्या संस्थेने. आरंभी तिच्या हाती कारभार होता आणि १९४० च्या जानेवारीत तो रहिवाशांकडे सोपवला गेला. म्हणजे तुम्ही म्हणता ती आरंभीची झळ तेथे फायलीन यांच्या संस्थेने सोसली.

या फायलीन यांचा एक धागा हिंदुस्थानाशी जुळतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०४ मध्ये आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०७ मध्ये जगप्रवासाला निघालेले फायलीन हिंदुस्थानात आले असताना त्यांनी बंगालमधील खेड्यांत या पतसंस्थांचे काम पाहिले आणि ते अतिशय प्रभावित झाले. पुढे अमेरिकेतील पतसंस्थांच्या म्हणजे क्रेडिट युनियनच्या चळवळीचे ते मोठे आधारस्तंभ झाले आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ग्राहक सहकाराकडे वळले. १९३७ च्या सप्टेंबरात, ग्रीनबेल्टमध्ये पहिली कुटुंबे येण्याच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले. बंगालमधील एखाद्या खेड्यात ओसरीवर बसून कर्जाचा हिशेब लिहिणारा चिटणीस आणि मेरीलँडमधील नव्याकोऱ्या दुकानाचा गल्ला यांच्यामध्ये एकच माणूस उभा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुकानांची संख्या ठरवण्याविषयी तुम्ही जो हिशेब केला, तसाच हिशेब त्या काळी शास्त्रशुद्ध रीतीने होऊ लागला होता. क्लॅरेन्स स्टाइन आणि कॅथरीन बाउअर यांनी १९३४ मध्ये वस्तीतील दुकानांच्या इमारतींवर एक अभ्यासलेख लिहिला. एवढ्या कुटुंबांमागे कोणत्या मालाची किती विक्री होईल आणि तेवढ्या विक्रीवर किती दुकाने तगतील, हे त्यांनी आकडेमोड करून मांडले. त्यापूर्वीच्या दशकात अमेरिकेत जमिनीचे दलाल वाटेल त्या हमरस्त्यावर दुकानांसाठी जागा राखून ठेवत आणि त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षे रिकाम्या पडत. स्टाइन हे या नव्या गावांच्या कामात सल्लागार होते. त्यामुळे तिन्ही गावांत दुकानांची संख्या मुद्दाम मोजकी ठेवली गेली.

मोजपट्टी

मी महापालिकेच्या अभियांत्रिकी खात्यातून निवृत्त झालो आहे. नगररचना हा माझ्या नोकरीचा थोडा आणि आवडीचा पुष्कळ भाग होता. पायवाट यांनी केलेली आकार आणि व्यवस्था ही विभागणी मला पटते. मी आकाराविषयी लिहितो.

उद्याननगरीची कल्पना मांडणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड यांच्या १८९८ च्या मूळ आराखड्यात बाजाराचा रस्ताच नव्हता. मध्यवर्ती बागेभोवती काचेच्या छपराची एक मोठी वर्तुळाकार गॅलरी असावी, तिला त्यांनी क्रिस्टल पॅलेस म्हटले, आणि पावसापाण्यात लोकांनी तेथे फिरत खरेदी करावी अशी त्यांची योजना होती. दुकानदारांची संख्या लोकमतावर ठरावी, म्हणजे फुकटची स्पर्धा आणि फुकटची नासाडी टळेल, हेही त्यांनीच सुचवले होते. पुढे १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न ही वसाहत झाली, तेथे पादचारी आणि मोटारी यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या केल्या गेल्या. ग्रीनबेल्टने हाच धडा गिरवला. तेथील दुकाने मोटारींना मज्जाव असलेल्या चौकाभोवती आहेत.

ग्रीनडेल येथे वेगळे ठरते आणि त्याचे श्रेय एल्बर्ट पीट्स यांच्याकडे जाते. पीट्स हे इतिहासाचे बारकाईने वाचन करणारे रचनाकार होते. वेर्नर हेगेमान यांच्यासह त्यांनी १९२२ मध्ये नागरी वास्तुकलेवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात जुन्या युरोपीय व अमेरिकी चौकांचे आणि रस्त्यांचे शेकडो नकाशे आहेत. विस्कॉन्सिनही त्यांना परके नव्हते, कारण कोहलर या औद्योगिक गावाच्या आरंभीच्या आराखड्यावर आणि मिलवॉकीजवळच्या वॉशिंग्टन हायलँड्स या वसाहतीवर या दोघांनी १९१६ च्या सुमारास काम केले होते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातील गाव त्यांच्या विशेष आवडीचे होते. १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशाने त्याचा जीर्णोद्धार चालू होता. विल्यम्सबर्गचा मुख्य रस्ता सरळ आणि रुंद आहे, आणि त्याच्या टोकाशी सार्वजनिक इमारत नजर अडवते. ब्रॉड स्ट्रीट आणि त्याच्या शेवटचे व्हिलेज हॉल हे या रचनेचे अपत्य आहे.

म्हणजे दुकानांसाठी पीट्स यांनी ना काचेचा महाल घेतला, ना मोटारबंद चौक. त्यांनी साधा गावरस्ता घेतला, ज्यावर माणूस चालतो, गाडीही येते, आणि दोघांना एकमेकांची चाहूल असते. घरांच्या गल्ल्या जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतात, त्यांतून बाहेर पडल्यावर हा एक सरळ रस्ता लागतो आणि माणसाला आपण गावाच्या मध्यात आल्याचे कळते. माझ्या मते रस्ता टिकण्याचे मुख्य कारण हेच आहे. ज्याचा उपयोग एकाच प्रकारे होऊ शकतो अशी रचना काळ बदलला की अडचणीची होते. साध्या रस्त्यावरचे दुकान मात्र आज किराण्याचे, उद्या खानावळीचे आणि परवा टपाल कचेरीचे होऊ शकते.

मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट लिहितो. न बांधल्या गेलेल्या ग्रीनब्रूकच्या रचनाकारांपैकी एक होते अल्बर्ट मेयर. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याबरोबर हिंदुस्थानात आले, त्यांची पंडित नेहरूंशी भेट झाली आणि त्यातून उत्तर प्रदेशातील इटावा येथील ग्रामविकासाचा प्रकल्प १९४८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी बृहन्मुंबईच्या आराखड्याची जी रूपरेषा प्रसिद्ध झाली, तिच्यावर दोन नावे आहेत : मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक आणि अल्बर्ट मेयर. ज्यांच्या नावाने आपण मोडकसागर ओळखतो तेच हे मोडक. नोकरीच्या पहिल्या वर्षी वरिष्ठांच्या कपाटात मी तो दस्तऐवज प्रथम हाताळला, तेव्हा त्या दुसऱ्या नावाच्या मागे न्यू जर्सीतील एका न झालेल्या गावाचे नकाशे आहेत हे मला ठाऊक नव्हते. मेयर यांनी पुढे १९५० मध्ये चंडीगडचा पहिला आराखडाही केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी त्याच वर्षी विमान अपघातात गेले आणि नंतर ते काम ल कोर्बुझिए यांच्याकडे गेले.

माजघर

चर्चा अतिशय सुरेख चालली आहे. मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत, पहिली घराच्या आतून आणि दुसरी गावाच्या बाहेरून.

ग्रीनडेलच्या मूळ घरांत स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणि बसायची खोली मागच्या बागेच्या बाजूला ठेवलेली आहे. आपल्याकडे आणि तेव्हाच्या अमेरिकेतही दिवाणखाना पुढे आणि चूल मागे, ही सर्वसाधारण रीत. येथे ती उलटी केली गेली. परिणाम असा की ज्या बाईचा दिवस ओट्याशी जाई, तिला खिडकीतून गल्ली दिसे, कोणती शेजारीण पिशवी घेऊन निघाली ते कळे आणि दारातच बोलणे होई. दुकानापर्यंतचे अंतर पायी जाण्याजोगे होते. सहकारी दुकानात कोणता माल ठेवावा आणि भाव काय असावा याबद्दलचे मत अशाच चालण्या-बोलण्यातून घडले असणार. ज्यांना पेठेचा अभ्यास करायचा आहे त्यांनी पेठेपर्यंत पोचणाऱ्या वाटांचाही करावा, असे मला वाटते. गावातील गल्ल्यांची नावे विभागवार एकेका अक्षराने सुरू होतात, एका विभागातील सगळी नावे 'ए'ने, दुसऱ्यातील 'बी'ने. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबातील लहान मुलालाही दुकानातून परत येताना घर सापडावे, इतकी ही सोपी योजना आहे.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलली पाहिजे. तिन्ही गावांत आरंभीची सगळी भाडेकरू कुटुंबे गोरी होती. काळ्या मजुरांनी व कारागिरांनी त्या काळच्या सरकारी कामांवर घाम गाळला, पण या घरांसाठी त्यांच्या कुटुंबांची निवड झाली नाही. सहकारी संस्थेचे सभासदत्व सर्वांना खुले होते हे पायवाटताईंनी लिहिले आहे आणि ते नियमाप्रमाणे खरेच आहे. मात्र गावात राहायला कोण येणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे 'सर्व' या शब्दाची हद्द गावाच्या वेशीपाशी संपत होती. ब्रॉड स्ट्रीटच्या पहिल्या वर्षांविषयी आस्थेने लिहिताना हे वगळले तर चित्र अर्धे राहील.

पायवाट

माजघर, तुमचा दुसरा मुद्दा माझ्या मूळ लिखाणात यायला हवा होता. तो राहिला ही माझी चूक आहे आणि तुम्ही ती दुरुस्त केलीत याबद्दल मनापासून आभारी आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीविषयी एक सांगते. फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याने त्या काळात देशभर छायाचित्रकार पाठवले होते. टगवेल यांनी राजीनामा दिल्यानंतर १९३७ मध्ये या गावांची जबाबदारी याच खात्याकडे आली होती. त्या छायाचित्रकारांपैकी जॉन व्हाचॉन यांनी १९३९ च्या सप्टेंबरात ग्रीनडेलमध्ये छायाचित्रे घेतली आणि ती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात कोणालाही पाहता येतात. गाव तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. आज ज्या गल्ल्यांवर मोठ्या झाडांची कमान झाली आहे, तेथे मोकळ्या आकाशाखाली नव्या भिंती उभ्या असलेले ते गाव डोळ्यांसमोर आणले, की कुटुंबांनी कोणत्या विश्वासावर तेथे बिऱ्हाड हलवले असेल याचा विचार मनात येतो.

वाणसामान

मी पुन्हा व्यवस्थेकडे येतो, कारण माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. सहकारी दुकाने टिकली की नाही? आणि टिकली नसतील तर का?

माझा स्वतःचा अनुभव असा आहे. आमच्या भागात तरुणपणी मी एका ग्राहक भांडाराच्या संचालक मंडळावर पाच वर्षे होतो. भांडाराचा हेतू उत्तम होता, माणसे प्रामाणिक होती. पण सभासद साखर आणि तेल भांडारातून नेत, कारण तेथे भाव बांधलेला होता, आणि ज्या मालात दुकानाला चार पैसे सुटतात तो माल बाहेरून घेत. गल्ल्यात विक्री दिसे, खतावणीत नफा दिसत नसे. घाऊक बाजारात चांगली सवलत मिळवायची तर उलाढाल मोठी लागते आणि उलाढाल वाढवायची तर गिऱ्हाईक वाढावे लागते. वस्तीच ठरावीक असेल तर हे चक्र पुढे सरकतच नाही. ग्रीनडेलमध्येही हेच झाले असावे असा माझा कयास आहे.

पायवाट

वाणसामान, तुमचा कयास मला बरोबर वाटतो. ग्रीनडेलची सहकारी दुकाने युद्धोत्तर काळात टिकली नाहीत आणि ब्रॉड स्ट्रीटवर खासगी दुकानदार आले. ग्रीनबेल्टशी तुलना केली तर कारण अधिक स्पष्ट होते. ग्रीनबेल्टमध्ये आरंभी ८८५ घरे होती आणि महायुद्धाच्या काळात संरक्षण कामगारांसाठी त्यांत आणखी १,००० घरांची भर पडली. तेथील सहकारी संस्थेचे गिऱ्हाईक एकदम दुपटीहून वाढले. आज त्याच जुन्या चौकात, नव्या सहकारी संस्थेच्या नावाने का होईना, सभासदांच्या मालकीचे किराणा दुकान चालू आहे. ग्रीनडेलला मात्र अशी भर मिळाली नाही. १९४० मध्ये लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास होती आणि दहा वर्षांनी तिच्यात थोडीच वाढ दिसते. आराखडा करताना पुढे मोठी वाढ गृहीत धरलेली होती, म्हणजे दुकानांच्या रस्त्याची जागा उद्याच्या गावासाठी होती आणि विक्री आजच्या गावापुरती.

याला आणखी एक कारण जोडते. घर मिळण्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाला वरची मर्यादा होती. ज्याची कमाई वाढे त्याच्यावर गाव सोडण्याची वेळ येई. सहकारी संस्थेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हाती चार पैसे खेळू लागलेला, बैठकांना येणारा, हिशेब समजणारा सभासदच निघून जाण्याचा धोका कायम होता.

आता मालकीविषयी. १९४९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही तिन्ही गावे विकण्याचा कायदा केला. ग्रीनडेलमध्ये माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेशी निगडित गटाने सगळे गाव एकत्र विकत घेऊन वाढवण्याची योजना पुढे आणली होती आणि तिच्या आराखड्यासाठी पीट्स यांनीच पुन्हा काम केले, पण ती तडीस गेली नाही. ग्रीनबेल्टमधील बहुतेक घरे रहिवाशांच्या सहकारी गृहसंस्थेने एकत्र विकत घेतली. ग्रीनडेलमध्ये १९५२ मध्ये घरे एकेका कुटुंबाला स्वतंत्रपणे विकली गेली आणि उरलेली बहुतेक मोकळी जमीन १९५३ मध्ये मिलवॉकीतील उद्योजकांनी स्थापन केलेल्या कंपनीकडे गेली. त्या जमिनीवर वस्ती वाढली, १९७० पर्यंत लोकसंख्या १५,००० वर पोचली. आखणी करणाऱ्यांनी ज्या गिऱ्हाइकांची वाट पाहिली ते अखेर आले, मात्र त्याच वर्षी गावाच्या हद्दीत साउथरिज हे प्रचंड मॉल उघडले आणि ते गिऱ्हाईक तिकडे वळले.

मोजपट्टी यांनी लिहिले तसे, साधा रस्ता असल्यामुळे ब्रॉड स्ट्रीट त्यातूनही तगून राहिला. १९९० च्या दशकात गावातच कचेरी असलेल्या नियतकालिकांच्या प्रकाशनसंस्थेचे संस्थापक रॉय रायमन यांनी तेथील इमारती घेऊन त्यांची डागडुजी केली आणि २०१२ मध्ये ग्रीनडेलच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

माझ्या आईने ज्याला चावडी म्हटले त्या व्हिलेज हॉलसमोर उभी राहते तेव्हा १९५२ ची ती विक्री मला नेहमी आठवते. त्या वर्षी ग्रीनडेलच्या कुटुंबांच्या हाती आपापल्या घराचे खरेदीखत आले. स्वयंपाकघराची खिडकी त्यांची झाली, मागची बाग त्यांची झाली. खिडकीतून दिसणारी वाट ज्या दुकानांकडे जात होती, त्या दुकानांच्या इमारती मात्र त्या व्यवहारात त्यांच्याकडे आल्या नाहीत, आणि चौदा वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर विकणारा आणि घेणारा एकच असावा असे ठरले होते, त्या रस्त्यावर ते पुन्हा दोन झाले.